सेवेला निघालेलं घर

"पोरीच्या हातात स्क्रूड्रायव्हर कशाला देतोस? उद्या तिला सोडेल का कुणी?"

"सोडायला काय झालं? धंदा शिकवतोय. स्वतःच्या पायावर उभी राहील."

"उभीच राहील! बसायला मिळायचं नाही तिला जन्मात. जिच्या हाताला गुण, तिच्या पायाला दोरी. लिहून ठेव."

"आई, तू ना, चांगल्याचंही वाकडं करतेस."

"आणि ते वाकडं सरळ करायला हिलाच बोलावतील, बघशील तू."

हे भांडण फार जुनं. बाप शिलाई मशीनं दुरुस्त करायचा, आणि त्याची आई दारातल्या स्टुलावर बसून त्याला दुरुस्त करायची. जिच्यावरून हे चाललं होतं ती पोर टेबलाखाली लोहचुंबक घेऊन रांगत होती, कारण सांडलेले बारीक स्क्रू वेचायचं काम तिचं. ती तिथं आहे हे दोघांना ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असूनही त्यांना फरक पडत नव्हता; मोठ्या माणसांचं काही सांगता येत नाही. तिला त्यातलं एवढंच कळलं की बोलणं आपल्याबद्दल आहे आणि आजी हरली. कारण शेवटी बापानं हातोडी उचलून ठोकायला सुरुवात केली, आणि हातोडीपुढं कुणाचं चालतं?

पोर शिकली. शाळेत तिचं डोकं बेताचंच चाललं, पण मशीन दारात आलं की दोन टाके ऐकून ती सांगायची, शटलमध्ये दोऱ्याचा कचरा अडकलाय, की पट्टा सैल झालाय, की नुसतीच तेलावाचून बोंब मारतंय. लग्न झालं तेव्हा माहेरून तिच्याबरोबर हत्यारांची पेटी आली. सासरच्यांना आधी ते जरा चमत्कारिक वाटलं. मग सासूचं मशीन चालू झालं, मग शेजारणीचं, मग शेजारणीच्या बहिणीचं, आणि बघता बघता घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल आलं. गल्ली तिला मशीनकाकू म्हणायला लागली. तिचं खरं नाव नवऱ्यालाही आठवून सांगावं लागायचं.

घर म्हणाल तर तीन खोल्या एकामागं एक, आगगाडीसारख्या. पुढची दुकानाची, मधली झोपायची, मागची स्वयंपाकाची, आणि मागच्या दाराला एक दगडी पायरी. बाहेर जायचं तर काकूच्या टेबलाला वळसा घालूनच जावं लागायचं, आणि वळसा घालणारा प्रत्येक जण जाता जाता काहीतरी सांगून जायचा. "अगं, माझं बटण." "आई, डबा." "वहिनी, ह्याला जरा चिकटवायला काही आहे का?" आधी सासू-सासरे होते. सासरे मधल्या खोलीत अंथरुणाला खिळून बरीच वर्षं होते. मग धाकटा दीर नोकरी मिळेपर्यंत म्हणून आला आणि नोकरी मिळाल्यावरही राहिला. तो गेला तोवर मुलगा मोठा झाला, सून आली, नात आली. नवरा निवृत्त होऊन कायमचा घरी आला. एक गेला की दुसरा हजर. त्या घराला कुलूप लागल्याचं कुणाला आठवत नाही. कुलूप कुठं आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

काकूला एकच गोष्ट हवी होती. दागिना नाही, लुगडं नाही. तिला ते घर रिकामं हवं होतं. कायमचं नको, काही महिने पुरले असते. मागच्या पायरीवर पाय पसरून बसावं, कपातला चहा शेवटच्या घोटापर्यंत गरम असताना प्यावा, आणि आतून "अगं" अशी हाक येऊ नये. पण असली इच्छा बोलून कशी दाखवायची? घरातली माणसं सुखी राहोत, धडधाकट राहोत, फक्त जरा दुसरीकडे राहोत, असं देवापुढं हात जोडून म्हणवतं का कुणाला? म्हणून ती कधी बोलली नाही.

नवऱ्याला सगळे कप्तान म्हणत. जन्मभर तो बसच्या आगारात गाड्या सोडायच्या कामावर होता. कुठली गाडी कधी सुटणार, कोण चालवणार, हे शिटी वाजवून सांगायचं. साऱ्या दुनियेला त्यानं गावोगाव धाडलं आणि स्वतः मात्र आगाराच्या फाटकापलीकडं गेला नाही. निवृत्त झाल्यावर शिटी घरी घेऊन आला. आता सोडायला गाड्या नव्हत्या, माणसं होती.

एका संध्याकाळी जेवताना मुलानं विषय काढला. हा मुलगा कचेरीत दिवसभर पडद्याकडे बघत बसायचा आणि घरी आल्यावर विसावा म्हणून दुसऱ्या पडद्याकडे बघायचा. तिथंच त्याला हे सापडलं होतं.

"एक संस्था आहे. समुद्रापलीकडे एका बेटावर. वादळात ज्यांची घरं गेली त्या बायकांना शिवणकाम शिकवतात. राहायला जागा देतात, जेवण देतात, आपण दोन वर्षं तिथं काम करायचं. आणि अख्खं कुटुंब चालतं."

"चालतं काय, पळतं!" कप्तान म्हणाला. "मी तयार आहे."

"बाबा, तुम्ही तिथं काय कराल?" सूनबाईनं विचारलं.

"शिस्त लावीन."

"कुणाला?"

"तिथल्या लोकांना."

"त्यांनी आणखी काय पाप केलंय हो?" काकू म्हणाली. "आधीच वादळ येऊन गेलंय."

सगळे हसले, कप्तानसुद्धा. नात, जिला घरात चिमणी म्हणत, ताटावरून उठून नाचायलाच लागली. समुद्र! बेट! शाळा तिथली, मैत्रिणी तिथल्या! मुलगा म्हणाला, मी मुलांना संगणक शिकवीन. सूनबाई घरी शिकवण्या घ्यायची, ती म्हणाली, मी बायकांना लिहा-वाचायला शिकवीन. आणि काकू? काकू उठून सगळ्यांना आग्रह करकरून वाढायला लागली. हे सगळे जाणार! दोन वर्षं! आपण न मागता! कप्तान नको म्हणत असतानाही तिनं त्याला वाढलं.

"पण एक आहे," मुलगा म्हणाला. "त्यांना आपल्यापैकी खरं तर कुणी नकोच आहे. माणसं शिकवायला त्यांच्याकडे रग्गड लोक आहेत. जगभरातून दान आलेली मशीनं मात्र तिथं गंजून पडलीत, आणि दुरुस्त करणारं कुणी नाही. आई, त्यांना तू हवीस. आम्ही सगळे तुझ्याबरोबर."

वाढायचा चमचा हवेत राहिला.

"तिथंही मशीनंच?" ती म्हणाली.

"हो, पण समुद्राकाठी!" चिमणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं. दाराशी येणारी जी ती बाई म्हणायची, "काकू, सुटलात! नशीब लागतं हो." भाजीवाली म्हणाली, "दुकानात अडकून पडला होतात, आता देश बघाल." काकू म्हणायची, "बघेन की," आणि शटल घासत राहायची. खरं सांगायचं तर तिला एवढंच दिसत होतं की टेबल तेच, पाठ तीच, आणि खिडकी तेवढी निराळी. शिवाय "अगं" म्हणणारे सगळेच्या सगळे बोटीत बसून बरोबर येणार. अडकलेल्या माणसाला पिंजऱ्यासकट उचलून फिरायला नेलं तर त्याला सुटका म्हणायची का?

तिनं गुडघे दुखत असल्याचं सांगून पाहिलं. कप्तान म्हणाला, समुद्राची हवा गुडघ्यांना चांगली. तिनं घर कोण बघणार म्हणून पाहिलं. कप्तानानं बाजारातून नवंकोरं कुलूप आणून टेबलावर ठेवलं. तिनं गणवेशवाल्याचं नाव पुढं केलं. कोपऱ्यावर त्याचं शाळांचे गणवेश शिवायचं दुकान, तिथं मशीनांची रांग, आणि त्यातलं एक ना एक सतत आजारी. "त्याचं कसं होणार?" कप्तान म्हणाला, "तो दुसरा कुणी बघेल. कुणावाचून कुणाचं अडत नाही." काकू मनात म्हणाली, हेच तर मी म्हणतेय, बेटवाल्यांचंही माझ्यावाचून अडत नाही. पण तोंडानं म्हणाली, "चहा ठेवू?"

सून मात्र बारीक नजरेची. दुपारी टेबलाशी येऊन उभी राहिली.

"आई, तुम्हाला यायचंच नाहीये ना?"

"कोण म्हणतं?"

"मघापासून तीच सुई बसवताय आणि तीच काढताय."

काकूनं सुई खाली ठेवली. मधल्या खोलीत कप्तान घोरत होता. ती हळूच म्हणाली, "तुम्ही सगळे जा ना. मनापासून सांगते, जा. मला इथं राहू द्या."

"एकट्या?"

"एकटीच."

सूनबाई तिच्याकडे बघत राहिली. पहिल्यांदा तिला वाटलं सासूबाई रुसल्यात. मग तिला ते कळलं. कसं कळलं कोण जाणे. तिच्याही टेबलाला वळसे घालणारे होतेच म्हणा. ती स्टूल ओढून बसली.

"त्यांना मशीनवाली हवी आहे ना? मग मला शिकवा."

असं ते सुरू झालं. रोज दुपारी, कप्तान झोपला की सून टेबलाशी. काकूला वाटलं होतं, शिकलेली पोरगी, आठ दिवसांत कंटाळेल. पण ती चिकट निघाली. तिच्या नखांत काळं तेल गेलं, साडीचा पदर पट्ट्यात अडकला, तरी उठली नाही. काकू तिला एकेक सांगायची. सुईची सपाट बाजू कुठं करायची. शटल कसं काढायचं आणि ज्या क्रमानं काढलं त्याच क्रमानं फडक्यावर मांडून ठेवायचं. आणि हेही, की शिवणीच्या खालच्या बाजूला धाग्यांचा गुंता दिसला तर खाली शोधत बसायचं नाही, वर बघायचं. वरचा धागा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसला नसला की खाली भेंडोळं होतं.

"गुंता खाली, दोष वर," सून म्हणाली. "आपल्या घरासारखंच."

"घरात दोष सगळीकडेच असतो बाई. तिथं नुसतं तेल घालत राहायचं."

पुष्कळ दिवसांनी दोघींनी ते जेवताना सांगितलं. मशीनवाली म्हणून सूनबाई जाईल. संस्थेच्या बाईंशी बोलणं झालंय, त्या व्हिडिओवर परीक्षा घेणार आहेत. मशीन उघडायचं, साफ करायचं, जोडायचं आणि शिवण घालून दाखवायची. जमलं तर सगळे जा. काकू मागं राहील, घर सांभाळेल.

कप्तानाचा घास थांबला. "आणि माझा चहा?"

"सेवा करायला निघालात ना?" काकू म्हणाली. "चहापासून सुरुवात करा."

तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून धूर आला आणि कप्तान कप घेऊन बाहेर आला. कपात काय होतं ते त्यानं सांगितलं म्हणून कळलं. पण जायची हौस त्याला इतकी होती की तो रोज करत राहिला, आणि पुढंपुढं तो चहा ओळखू येण्याइतका झाला. मग त्यानं घरादाराची तालीम सुरू केली. बेटावर काय असेल काय नसेल म्हणून सगळ्यांनी जमिनीवर झोपायचं. एका बादलीत आंघोळ. सकाळी शिटी वाजली की चिमणीपासून सगळे सामान पाठीला लावून गल्लीला फेरी मारून येणार. कप्तान पुढं, मुलगा मागं लंगडत, आणि शेजारच्या बायका दारात उभ्या राहून पदराआड हसतायत.

"काकू, तुम्ही नाही का तालमीला?"

"मी प्रेक्षक. टाळ्या वाजवायला कुणीतरी लागतं की."

जाणाऱ्या माणसाचं सगळं गोड लागतं. त्या दिवसांत काकूनं कुणालाच उलटून उत्तर दिलं नाही. हाताखालच्या मशीनवर ती मनातल्या मनात घर लावायची. मधल्या खोलीतला मोठा पलंग भिंतीला सरकवीन. पुढचं दार दुपारी लावून घेईन, आलं गिऱ्हाईक तर उद्या येईल. लवकर उठायचंच नाही. उठलंच तर पायरीवर जाऊन बसायचं.

परीक्षेचा दिवस आला. पुढच्या खोलीत टेबलाच्या टोकाला डब्यांची उतरंड रचून तिच्यावर मुलानं फोन उभा केला. पडद्यावर संस्थेच्या बाई आल्या. बाई आपली भाषा बोलणाऱ्या, पण तिकडं राहून जिभेला तिकडचं वळण लागलेलं. केस आखूड, चेहरा थकलेला, पण हसरा. सून मशीनपुढं बसली. काकूला तिनं मुद्दाम बाजूला, फोनच्या नजरेत येणार नाही अशी बसवली. "तुम्ही जवळ असलात की धीर येतो," म्हणाली. कप्तान, मुलगा, चिमणी दारात दाटीवाटीनं उभे.

सूनबाईनं मशीन छान उघडलं. शटल काढलं, फडक्यावर क्रमानं मांडलं, ब्रशनं झटकलं, तेलाचे थेंब जिथल्या तिथं दिले, परत जोडलं. काकू मनात प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होती. धागा ओवला. चिंधी ठेवली. चाक फिरवलं, पायाखालचा पायटा चालवला. मशीन गुणी लेकरासारखं चाललं. सूनबाईनं चिंधी काढून उलटी केली, आणि खाली धाग्याचं भेंडोळं.

चिमणीनं ओठ चावला. पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "असू दे, असू दे. काय झालं असेल, विचार करा. घाई नाही."

सून चिंधीकडे बघत बसली. वर बघ, काकू मनात म्हणत होती. वर बघ गं. तुला सांगितलंय ना. वर. सून बघेना. तिनं सावकाश खालच्या झाकणीवर बोट ठेवलं, मग उचललं, मग मान तिरकी करून बसली. बिघडलेलं मशीन दोन हातांवर उभं आहे, बिघाड कुठला ते ठाऊक आहे, आणि हात मांडीवर घेऊन बसायचंय, अशी वेळ काकूवर आयुष्यात कधी आली नव्हती. बापाच्या टेबलाखालून बाहेर आल्यापासून कधीच नाही. खाज सुटल्यावर नखं जातात तसा तिचा हात गेला. तिला तो जाताना दिसला असंही नाही. कापड धरणारा दाब वर उचलला, धागा चकत्यांमध्ये ओढून बसवला, हलकासा झटका दिला, दाब खाली, आणि सुनेच्या मांडीवरची चिंधी घेऊन हातानंच चाक फिरवत शिवणसुद्धा घातली. उलटी करून बघितली. मोत्यासारखे टाके.

मग तिनं वर पाहिलं. पडद्यावरच्या बाई पुढं वाकल्या होत्या.

"हा हात कुणाचा?"

सूनबाईनं दाराकडे बघून डोळे मोठे केले. कप्तानाला मात्र विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं जन्मात जमलं नव्हतं.

"आमच्या मिसेसचा," तो अभिमानानं म्हणाला.

"पुढं या ना, काकू. दिसू द्या."

काकू पुढं सरकली. बाई म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नाही इथं काय अवस्था आहे. खोलीभर मशीनं आहेत आणि बायका हातानं शिवतायत. सूनबाई शिकतील, छान शिकतायत, पण त्यांना शिकवायलाही कुणी हवंच ना. तुम्ही याल तर सगळ्यांची सोय आजच करते. नाहीतर मला हे पुढं नेता येणार नाही, खरंच नाही."

"आजी येणार!" चिमणी ओरडली आणि मागून येऊन तिच्या गळ्यात पडली. मुलानं डोळे पुसले. कप्तान म्हणाला, "अगं, बोल की."

काकूनं नाही म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण सूनबाईचा पाय गडबडीत पायट्यावर चालायला लागला होता आणि मशीन रिकामंच धडधडत होतं. काकूच्या तोंडून आलं, "आधी ते थांबवा गं, सुई तुटेल."

सगळे हसले. त्या हसण्यातच ते ठरून गेलं. काही गोष्टी अशाच ठरतात. हो कुणी म्हटलं हे नंतर शोधून सापडत नाही.

संध्याकाळी पायरीवर सूनबाई तिच्या शेजारी येऊन बसली. मग सून म्हणाली, "मला सापडलं होतं, आई."

"काय?"

"दोष. वरच्या चकतीत. मला कळलं होतं. बोट खाली ठेवलं तेव्हाच आठवलं. मी फक्त एकदा मनाशी नीट म्हणून बघत होते, म्हणजे बाईंना सांगताना अडखळायला नको. मी करतच होते."

काकूनं तिच्याकडे पाहिलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. काकूच्या तोंडून शिवी यायची, ती तिनं स्वतःलाच मनातल्या मनात दिली. एवढासा दम धरायचा होता. सुईत धागा ओवायला लागतो तेवढासुद्धा नाही.

"आता नाही म्हणा," सूनबाई म्हणाली. "मी तुमच्या बाजूनं उभी राहते. घर डोक्यावर घेऊ दे त्यांना."

बोलली ते मनापासून. काकूनं त्यावर नीट विचार केला. नाही म्हटलं तर काय होईल? कुणीच जाणार नाही. कप्तान पाठीवरचं सामान उतरवून मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपेल, आणि उठेल तेव्हा टेबलाला वळसा घालताना उसासा टाकून जाईल. मुलगा काही बोलणार नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. चिमणी बोलेल. सगळी माणसं इथंच, या तीन खोल्यांत, वर आणखी रुसलेली. आणि हो म्हटलं तर सगळी माणसं तिथं. रिकामं घर आता कुठल्याच वाटेनं मिळणार नव्हतं. एक वाट होती, तिच्यावर तिनंच हात आडवा घातला.

"राहू दे," ती म्हणाली. "चल, भात लावायचाय."

पुढचे दिवस धावपळीचे गेले. टेबलावरची मशीनं ज्यांची त्यांना परत. हत्यारांच्या पेटीला नवी कडी. कप्तान शिटी वाजवत सगळ्यांना वेळेवर तयार ठेवत होता, फक्त वेळ अजून यायची होती. एका दुपारी सूनबाईनं एकदम सगळ्यांना उठवलं. प्रवासाआधीची लस टोचून घ्यायची, आजच, आत्ताच. "आईंची नंतर घेऊ," म्हणाली, आणि कप्तान, मुलगा, चिमणी तिघांना पुढं घालून घेऊन गेली. जाताना तिनं पुढचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि काकूकडे बघितलं नाही.

घर रिकामं झालं.

काकू आधी टेबलाशीच उभी राहिली. मग तिनं चहा केला. कप घेऊन मागच्या पायरीवर बसली. नळ गळत होता. उठून तो घट्ट केला. मग काही ऐकू येईना. तिनं पाय पसरले. चहा शेवटच्या घोटापर्यंत गरम होता. लोक म्हणतात, मनात धरलेली गोष्ट हाती आली की फिकी निघते. काकूला तसं काही वाटलं नाही. जशी वाटली होती तशीच निघाली, अगदी तेवढीच चांगली, आणि म्हणूनच तिला जास्त वाईट वाटलं. ती फिकी निघती तर बोटीत बसायला सोपं गेलं असतं. भिंतीवरून ऊन सरकत होतं ते ती बघत बसली. कुणी आलं नाही. गिऱ्हाईकसुद्धा नाही. मग पुढच्या दारातून कप्तानाचा आवाज आला, "अगं, दंड सुजला माझा," आणि ती उठली.

जायच्या दिवशी सामान गल्लीत लागलं होतं. गाडी यायची होती. चिमणी सामानावर चढून बसली होती आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बेटाचं नाव सांगत होती. तेवढ्यात गणवेशवाला धापा टाकत आला.

"काकू, शेवटचं. खिडकीजवळचं मशीन टाके सोडतंय. उद्या शाळेला माल द्यायचाय."

"अहो, गाडी येतेय!" कप्तान म्हणाला. "आता कुठं?"

"आलेच," काकू म्हणाली. तिनं पेटीतून तेलाची पिचकारी आणि लहान स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि पायांत चपला सरकवून चालायला लागली. गणवेशवाला पुढं, ती मागं. कप्तानानं शिटी वाजवली. तिनं मागं पाहिलं नाही.

दुकानात रांगेनं मशीनं चालली होती. खिडकीजवळचं गप्प होतं. ती त्याच्यापुढं बसली, चाक हातानं फिरवून बघितलं, कान लावला.

"सुई कधी बदलली होती?"

"बदलली होती की."

"कधी?"

गणवेशवाला छताकडे बघायला लागला. काकूनं सुई काढून नखावर फिरवली, टोक बोथट. "तुटायची वाट बघू नये, किती वेळा सांगायचं तुला?" नवी सुई घेतली, सपाट बाजू बघून बसवली, स्क्रू आवळला. शटलमधला कचरा फुंकून काढला. तेलाचा थेंब दिला, जास्तीचं फडक्याला पुसलं.

"चिंधी दे."

त्यानं दिली. तिनं लांब शिवण घातली, चिंधी उलटी करून उजेडात धरली, बोट फिरवून बघितलं, आणि धागा कातरीनं तोडला.

"चालव," ती म्हणाली, आणि तो बसावा म्हणून उठून बाजूला झाली.